विश्लेषण : कस्तुरबांसाठी आलेले पेनिसिलिन का वापरले गेले नाही? आणि त्याची गोळी झाल्याने काय बदलले?

कस्तुरबा गांधी मृत्यूशय्येवर असताना त्यांच्यासाठी विमानाने पेनिसिलिन आणले गेले होते, पण गांधीजींनी ते देऊ दिले नाही, असा संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्यातली घटना खरी आहे, पण संदेशात ती अर्धीच सांगितलेली असते. १९४४ च्या फेब्रुवारीत पेनिसिलिन नेमके काय होते, ते कसे द्यावे लागे आणि कस्तुरबांच्या शरीराची अवस्था काय होती, हे त्यात येत नाही. त्या दिवशी अडचणीचा ठरलेला प्रश्न होता तो औषध ‘कसे द्यायचे’ हा. पुढे दहा वर्षांच्या आत पेनिसिलिनची पोटातून घेण्याची गोळी आली आणि रायगडमधल्या शिवथरसारख्या, दवाखान्यापासून लांब असलेल्या गावांसाठी हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. कस्तुरबांचे आयुष्य, त्यांचा शेवटचा आजार आणि आज आपल्या घरात असलेली ती गोळी यांचा हा आढावा.

कस्तुरबा कोण होत्या?

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील गोकुळदास कपाडिया हे तिथले व्यापारी. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांचे लग्न त्यांच्याहून काही महिन्यांनी लहान असलेल्या मोहनदास गांधींशी झाले. पहिले मूल जन्मल्यानंतर काही दिवसांतच दगावले. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास हे चार मुलगे झाले.

१८९६ च्या अखेरीस त्या पतीबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाल्या. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती. त्यामुळे त्यांचे जहाज दरबानच्या बंदराबाहेर तीन आठवडे अडवून ठेवले गेले. साथीचा आजार माणसाच्या आयुष्यात कसा आडवा येतो, याचा अनुभव त्यांना परदेशात पाऊल टाकण्याआधीच आला. १९१३ मध्ये तिथल्या सत्याग्रहात त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. भारतात परतल्यावर १९१७ मध्ये चंपारणमध्ये खेड्यातल्या बायकांना स्वच्छतेचे धडे देण्याचे काम त्यांनी केले. वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३९ मध्ये, राजकोटच्या लढ्यात त्या पुन्हा अटकेत गेल्या. गांधीजींची पत्नी एवढीच त्यांची ओळख नव्हती. तुरुंग त्यांनी स्वतःच्या पायांनी गाठला होता.

आजार आणि उपचार यांबद्दल या घरात आधी काय घडले होते?

१९०२ मध्ये हे कुटुंब मुंबईत गिरगावात राहत होते. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला आणि छातीतही दोष दिसू लागला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींनी ते नाकारून पाण्याचे उपचार केले. मुलगा वाचला. त्या काळी विषमज्वरावर नेमके औषधच नव्हते. म्हणजे आहार, शुश्रूषा आणि रोग्याची स्वतःची ताकद यांवरच सगळे अवलंबून होते.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होऊ लागला. दरबानला त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. शरीर इतके क्षीण होते, की क्लोरोफॉर्म न देताच ती करावी लागली. त्यांनी ती वेदना सोसली. नंतर अशक्तपणा वाढल्यावर डॉक्टरांनी गोमांसाचा रस द्यायचे ठरवले. गांधीजींनी निर्णय कस्तुरबांवर सोडला. त्यांनी ठाम नकार दिला आणि त्याच अवस्थेत फिनिक्स आश्रमात जाणे पत्करले. तिथे त्या हळूहळू बऱ्या झाल्या.

या घरात उपचारांचा निर्णय श्रद्धा आणि स्वतःची निवड यांच्याशी बांधलेला होता, हे या दोन प्रसंगांवरून दिसते. मात्र गांधीजींनी आधुनिक वैद्यक सरसकट नाकारले, हेही खरे नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा त्रास झाला आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. ती त्यांनी करून घेतली.

कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये कशा आल्या?

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. ती सभा आपण घेऊ, असे कस्तुरबांनी जाहीर केले. सभेला निघताना त्यांनाही अटक झाली. आधी त्यांना आर्थर रोड तुरुंगात ठेवले आणि मग पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणले. त्यांच्याबरोबर डॉ. सुशीला नायर होत्या.

पॅलेस हे नाव मोठे असले, तरी ती कैदच होती. काटेरी तारांचे कुंपण होते, पहारा होता. १५ ऑगस्टला, म्हणजे अटकेनंतर आठवडाभरात, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे तिथेच निधन झाले. मुलासारख्या माणसाचा असा अंत कस्तुरबांना फार लागला. त्यांना आधीपासून श्वासनलिकेचा जुना विकार होता. खोकला आणि धाप लागणे चालूच असे. १९४३ च्या अखेरीपासून हृदयाचे दुखणे बळावले. रात्री आडवे झोपता येईना. उशीवर डोके टेकवून बसल्या बसल्या त्या रात्र काढत.

डॉ. सुशीला नायर आणि त्याच ठिकाणी कैदेत असलेले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर त्यांच्यावर उपचार करत होते. शुश्रूषेला मनू गांधी आणि प्रभावतीदेवी होत्या. पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता यांनाही बोलावले गेले. कस्तुरबांचा ओढा आयुर्वेदाकडे होता, म्हणून वैद्य शिव शर्मा आले. पण त्यांना रात्री आत राहण्याची परवानगी नव्हती. रात्रीबेरात्री बोलावणे आले तर जवळ असावे, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. एका कैद्याचे आजारपण म्हणजे काय, हे या एका गोष्टीवरून कळते. कोणता वैद्य यावा, किती वेळ थांबावा, हे सगळे सरकारच्या हुकमावर होते.

पेनिसिलिन तेव्हा किती नवे होते?

लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीतला हा जंतुनाशक पदार्थ आढळला. पण त्याचे औषध व्हायला बारा-तेरा वर्षे गेली. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते शुद्ध करण्याचे काम केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिले गेले. त्याला उतार पडू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गोळा करून वापरले, तरी पुरले नाही. महिन्याभरात तो दगावला.

त्यानंतर अमेरिकेत मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून उत्पादन सुरू झाले. पण महायुद्ध चालू होते आणि बहुतेक साठा सैन्यासाठी राखून ठेवलेला होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये भारतात सामान्य रोग्याला पेनिसिलिन मिळणे जवळपास अशक्य होते. कस्तुरबांना न्यूमोनियाने गाठल्यावर धाकटे चिरंजीव देवदास यांनी खटपट केली आणि ते कलकत्त्याहून विमानाने आले.

मग ते का दिले गेले नाही?

औषध कसे द्यायचे असते, असे गांधीजींनी विचारले. दर तीन-चार तासांनी इंजेक्शन टोचावे लागेल, असे उत्तर मिळाले. दिवसा आणि रात्रीही. कस्तुरबांचे शरीर तोवर पार थकले होते. हृदय आणि मूत्रपिंडे साथ देत नव्हती. शेवटच्या घटकेला त्यांना सुयांचा त्रास देऊ नये, असे गांधीजींचे मत पडले. देवदास यांना प्रयत्न करून पाहायचा होता. बापलेकांत यावर बोलणे झाले आणि अखेर देवदास यांनी आग्रह सोडला.

त्याच दिवशी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गांधीजींच्या मांडीवर डोके असताना कस्तुरबांनी प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच, महादेवभाईंच्या समाधीशेजारी, अंत्यसंस्कार झाले. अग्नी देवदास यांनी दिला. त्या दोन्ही समाध्या आजही तिथे पाहता येतात.

पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का?

पेनिसिलिन काही जिवाणूंना मारते. जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत नीट बांधू न देणे, हे त्याचे काम. भिंत कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. त्यामुळे न्यूमोनियाच्या अनेक रोग्यांना ते वाचवू शकत होते आणि आजही वाचवते. पण थकलेले हृदय आणि बंद पडत चाललेली मूत्रपिंडे ते दुरुस्त करत नाही. कस्तुरबांच्या बाबतीत न्यूमोनिया हा दीर्घ आजारावर शेवटी आलेला घाव होता. औषध फार उशिरा पोहोचले, ही यातली मुख्य गोष्ट.

तरीही देवदास यांची बाजू खोटी ठरत नाही. आशा थोडीशी असली, तरी मुलाला प्रयत्न करावासा वाटणारच. आजही अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर घराघरांत हाच वाद होतो. एक जण म्हणतो आता हाल नकोत, दुसरा म्हणतो शेवटचा उपाय करून पाहू. त्यामुळे या प्रसंगाचा निकाल एका ओळीच्या संदेशात लावणे कस्तुरबांवर, गांधीजींवर आणि देवदास यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

दर तीन-चार तासांनी इंजेक्शनच का लागे?

याला दोन कारणे होती. त्या वेळचे पेनिसिलिन, ज्याला आज पेनिसिलिन जी म्हणतात, ते तोंडावाटे घेतले तर जठरातल्या आम्लात बरेचसे नष्ट होते. म्हणून सुई अटळ होती. दुसरे म्हणजे मूत्रपिंडे ते फार वेगाने बाहेर टाकतात. रक्तातले प्रमाण अर्ध्या-पाऊण तासातच निम्म्यावर येते. जिवाणूंवर मारा चालू ठेवायचा, तर पुन्हा पुन्हा टोचावे लागे.

गोळी कधी आली?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात कुंडल या गावातल्या कारखान्यात आम्लात टिकणारे पेनिसिलिन हाती लागले. तेच पेनिसिलिन व्ही. ते जठरातून सुखरूप पुढे जाते आणि आतड्यातून रक्तात शोषले जाते. सुई, परिचारिका आणि रात्रीची जाग यांची गरज त्यामुळे उरली नाही. पुढे १९६० च्या दशकात ॲम्पिसिलिन आणि १९७० च्या दशकात ॲमॉक्सिसिलिन आले. आज आपल्याकडे मुलांना दिले जाणारे गोड पातळ औषध किंवा कॅप्सूल बहुतेक वेळा ॲमॉक्सिसिलिनचे असते. तेही पेनिसिलिनच्याच कुळातले.

भारतात पेनिसिलिन बनवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारी कारखाना उभा राहिला तो पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. जिथे कस्तुरबांसाठी दुसऱ्या प्रांतातून विमानाने औषध आणावे लागले होते, त्या आगाखान पॅलेसपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, अवघ्या दहा-अकरा वर्षांनी, तेच औषध तयार होऊ लागले.

शिवथरसारख्या गावाला याचा काय उपयोग?

शिवथर हे वरंध घाटाच्या पायथ्याचे खोरे. समर्थ रामदासांच्या घळीमुळे ते सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाटरस्ता अनेकदा बंद होतो, मग भोरमार्गे पुणे तुटते. दुसऱ्या बाजूला महाड तीसेक किलोमीटरवर. अशा ठिकाणी दर चार तासांनी इंजेक्शन म्हणजे रोग्याला दवाखान्यात भरती करणेच आले. गोळी मात्र डॉक्टरांनी एकदा तपासून लिहून दिली, की घरी बसून घेता येते.

तिचे दोन मोठे उपयोग आहेत.

पहिला उपचाराचा. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा सुजला, तर डॉक्टर पेनिसिलिन व्ही किंवा ॲमॉक्सिसिलिन साधारण १० दिवस देतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मग दहा दिवस कशाला, असे अनेकांना वाटते. कारण घशापुरते नसते. हा संसर्ग नीट गेला नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी हा धोका टाळता येतो. म्हणजे रस्ता एक-दोन दिवस बंद असला, तरी वेळ गेलेली नसते. मात्र श्वास अडकत असेल किंवा थुंकीही गिळता येत नसेल, तर थांबू नये.

दुसरा प्रतिबंधाचा. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा संसर्ग झाला, तर झडपा आणखी खराब होतात. म्हणून अशा रोग्यांना वर्षानुवर्षे पेनिसिलिन चालू ठेवतात. दर तीन-चार आठवड्यांनी लांब मुदतीचे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन किंवा रोज दोन वेळा पेनिसिलिन व्हीची २५० मिलिग्रॅमची गोळी, असे दोन मार्ग आहेत. गोळ्या चुकतात, म्हणून इंजेक्शन जास्त भरवशाचे मानतात. प्लीहा काढलेल्या रोग्यांना आणि सिकलसेल असलेल्या लहान मुलांनाही, साधारण पाच वर्षांपर्यंत, प्रतिबंधासाठी रोज गोळी दिली जाते.

पुरानंतर लेप्टोपासून वाचण्यासाठी हीच गोळी चालते का?

नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तेव्हा चिखलपाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती होती. भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्यांना ती दर पावसाळ्यात असते. प्रतिबंधासाठी तिथे डॉक्सिसायक्लिन हे वेगळे औषध वापरतात, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने. आजार झाल्यावर सौम्य रोग्याला डॉक्सिसायक्लिन किंवा ॲमॉक्सिसिलिन देतात. गंभीर रोग्याला मात्र आजही रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते. ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर गोळीवर विसंबून घरी थांबू नये.

घरी कोणती काळजी घ्यावी?

- सर्दी, फ्लू, डेंग्यू, मलेरिया यांवर पेनिसिलिनचा काहीही उपयोग होत नाही. ते फक्त काही जिवाणूंवर चालते.
- पाकिटावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. शेजाऱ्याच्या किंवा मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या वापरू नयेत.
- सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने थांबू नये.
- पेनिसिलिन व्ही शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे. ॲमॉक्सिसिलिन जेवणानंतरही चालते.
- आधी कधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. गोळीनंतर ओठ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

इशारा कोणी दिला होता?

खुद्द फ्लेमिंग यांनी. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना त्यांनी सांगितले होते, की पेनिसिलिन उद्या दुकानात सहज मिळू लागेल, मग अजाण माणूस ते कमी मात्रेत घेईल आणि अर्धमेले राहिलेले जिवाणू औषधाला दाद न देणारे होतील. तसेच झाले. पेनिसिलिनला तोडणारे रसायन बनवणारे जिवाणू आज सगळीकडे आहेत आणि अनेक संसर्गांवर साधी गोळी चालेनाशी झाली आहे.

कस्तुरबांचे नाव आज कुठे आहे?

त्यांच्या स्मृतीसाठी देशभरातून एक कोटी रुपयांहून अधिक निधी जमला आणि तो खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी ठेवला गेला. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले रुग्णालय कस्तुरबांच्या नावाचे आहे. मुंबईत, ज्या आर्थर रोड तुरुंगात त्यांना ठेवले होते, त्याच भागातले संसर्गजन्य रोगांचे महापालिका रुग्णालयही कस्तुरबा रुग्णालय म्हणूनच ओळखले जाते. लेप्टोपासून घटसर्पापर्यंतचे रोगी तिथे येतात आणि त्यांतल्या अनेकांना पेनिसिलिन मिळते.

१९४४ मध्ये एका कैद्यासाठी हे औषध मिळवायला मुलाला धावपळ करावी लागली आणि ते आले तेव्हा वेळ निघून गेली होती. आज शिवथरच्या खोऱ्यातल्या मुलासाठी तेच औषध काही रुपयांच्या पाकिटात मिळते. ते उद्याही उपयोगी पडावे, हे आता त्या पाकिटातली शेवटची गोळी वेळेवर घेणाऱ्याच्या हातात आहे.